रायफलचा स्कोप झिरो कसा करायचा: कोल्हापुरातल्या नव्या नेमबाजांसाठी

तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ऑलिंपिक ब्राँझ आणलं. आता कोल्हापुरात रेंजवर चौकशीला येणाऱ्या प्रत्येक घरात ही दोन नावं माहीत असतात. पण या दोघांच्याही रायफलवर स्कोप नव्हता, हे बहुतेकांना माहीत नसतं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत ५० मीटर आणि ३०० मीटर रायफल प्रकारांना दुर्बीण चालत नाही, तिथं पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून बघून नेम धरायची साइट, लागते. तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला त्या वाटेनं जायचं असेल तर स्कोप विकत घेण्याआधी प्रशिक्षकाशी बोला, पैसे वाचतील. या लेखातलं ग्रुपचं (एकाच बिंदूवर नेम धरून मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) आणि क्लिकचं (नेम सरकवायच्या चकतीचा एकेक टप्पा) प्रकरण मात्र पीप साइटलाही तसंच लागू आहे.

हा लेख आहे तो .२२ रायफलवर स्कोप लावून ५० आणि १०० मीटरवर टार्गेट मारणाऱ्यांसाठी, आणि परवान्यावरची .३०-०६ सारखी मोठी रायफल घेऊन १०० ते ३०० मीटरवर जाऊ पाहणाऱ्यांसाठी. रेंजवर सल्ला देणारे भरपूर असतात, आणि नवा माणूस प्रत्येकाचं ऐकून दर गोळीला एक क्लिक फिरवत बसतो. पेटी संपते, झिरो काही होत नाही. म्हणून एकच गोष्ट आधी पक्की करा: ग्रुप पडल्याशिवाय टरेटला, म्हणजे स्कोपवरच्या नेम सरकवायच्या चकतीला, हात लावायचा नाही. बाकी सगळं त्यापुढचं.

झिरो म्हणजे काय, तेही थोडक्यात. स्कोपमधून दिसणारी रेषा सरळ असते आणि ती नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वरून जाते. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते, म्हणून नळी किंचित वर रोखलेली असावी लागते. ज्या अंतरावर गोळीची वाट आणि नजरेची रेषा एका बिंदूत भेटतात, ते तुमचं झिरोचं अंतर. .२२ ला ५० मीटर आणि मोठ्या रायफलला १०० मीटर ठेवा. सुरुवातीला वेगळं काही शोधू नका.

१. कागदपत्रं आणि जागा

.२२ असो वा मोठी रायफल, परवाना हवाच. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नसल्यानं परवान्याचं काम जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतं. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कोप झिरो करायचा सराव त्या रायफलवरही होतो आणि छर्रे स्वस्त पडतात, म्हणून नवख्यांना मी तीच वाट आधी सुचवतो. लष्करी काडतुसं चालणारी, प्रतिबंधित बोअरची शस्त्रं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, त्यांचा विचार सोडून द्या. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. मुदत संपायच्या कितीतरी आधी नूतनीकरणाला लागा.

रेंजवर जाताना बरोबर ठेवायचं:
– मूळ परवाना आणि त्याची झेरॉक्स
– क्लबचं किंवा जिल्हा रायफल संघटनेचं सदस्यत्वाचं कार्ड, असल्यास राष्ट्रीय संघटनेचं नेमबाज ओळखपत्र
– काडतुसं घेतल्याची पावती आणि परवान्यावरची त्याची नोंद
– आधार कार्ड

रायफल नेताना रिकामी, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) काढलेली, केसमध्ये बंद. काडतुसं वेगळ्या डब्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात. खेळाडू असाल तर सवलतीचा अर्ज वेळेत आणि लेखी द्या, पोच घ्या.

जागेबद्दल स्पष्टच सांगतो. ऑलिंपिक प्रकारांसाठी बांधलेल्या रेंजवर अंतरं १०, २५ आणि ५० मीटर अशी असतात. दुधाळीला किंवा विभागीय क्रीडा संकुलात जाऊन तिथल्या प्रशिक्षकांना आधी भेटा, कुठलं शस्त्र कुठल्या लेनवर चालतं ते विचारा. १०० मीटरच्या पुढचं रेंज बहुधा पोलिसांचं किंवा लष्कराचं असतं आणि तिथं संघटनेमार्फत लेखी परवानगी घेऊनच जायचं. परवानगीला वेळ लागतो म्हणून कुणाच्या तरी शेतात, माळावर किंवा डोंगराच्या कडेला ‘दोन-चार राउंड मारून बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघून या. .२२ ची एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढं जाते, आणि आपल्याकडं माळावर गुरं राखणारं, लाकडं वेचणारं माणूस कायम असतं. राधानगरी अभयारण्यात तर परवानगीशिवाय शस्त्र घेऊन शिरणं हाच गुन्हा आहे.

२. सामान

– टॉर्क दाखवणारा स्क्रू ड्रायव्हर
– छोटी पाणसळ आणि गवंड्याचा ओळंबा
– पुढं-मागं ठेवायला वाळूच्या पिशव्या
– पट्टी, पेन्सिल, वही
– चौकोनी जाळीचे टार्गेट कागद, भरपूर
– स्पॉटिंग स्कोप किंवा चांगली दुर्बीण
– कानाचं संरक्षण आणि चष्मा
– चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं ती जागा) लावायचा, रायफल रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग
– एकाच लॉटची (कारखान्यातल्या एकाच खेपेची) काडतुसं

वाळूच्या पिशव्यांवर पैसे घालवू नका. जुन्या जीनच्या पायाचे तुकडे शिवून घ्या, बांधकामावरची वाळू चाळून, उन्हात कडक वाळवून भरा. गच्च भरू नका, थोडी सैल राहिली तरच रायफल त्यात बसते.

यादीच्या शेवटच्या ओळीतला लॉट हा शब्द फार महत्त्वाचा आहे. काडतुसांच्या पेटीवर लॉट नंबर छापलेला असतो. .२२ मध्ये तर कंपनी तीच, नाव तेच, पण लॉट बदलला की ग्रुपची जागा आणि आकार दोन्ही बदलू शकतात. झिरो करायला बसताना अर्धी पेटी एका लॉटची आणि अर्धी दुसऱ्याची असेल तर तुम्ही काय दुरुस्त करताय हेच तुम्हाला कळणार नाही.

३. स्कोप बसवणं

रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटानं तपासा, बोल्ट काढून ठेवा. बेस (रायफलवर बसणारी पट्टी) आणि रिंगांचे (स्कोप धरणारी कडी) स्क्रू तेल पुसून कोरडे करा.

स्कोप रिंगांत सैल ठेवून डोळ्याचं अंतर लावा. नेहमीच्या पद्धतीनं गाल स्टॉकवर (रायफलच्या दस्त्यावर) टेकवा, डोळे मिटा, आरामात बसा, मग उघडा. पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे. कडेला काळी सावली दिसली तर स्कोप पुढं-मागं सरकवा, मान हलवू नका. बहुतेक स्कोपमध्ये हे अंतर आठ-दहा सेंटीमीटरचं असतं. मोठ्या रायफलवर ते कमी ठेवलं तर धक्क्यानं स्कोपची कड भुवईवर बसते आणि टाके पडतात.

आता रेटिकल, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, सरळ करणं. पाणसळीनं रायफल सपाट करा, समोर वीस-पंचवीस मीटरवर ओळंबा लटकवा आणि रेटिकलची उभी रेघ त्या दोऱ्यावर बसेपर्यंत स्कोप फिरवा. हे अंदाजानं करणारे खूप भेटतात, कारण ५० मीटरवर फरक पडत नाही. ३०० मीटरवर पडतो. रायफल ५ अंश जरी कलली तरी .३०-०६ ची गोळी तिथं सुमारे ७ सेंटीमीटर बाजूला जाते. ३०० मीटरच्या टार्गेटचा दहाचा गोल १० सेंटीमीटर व्यासाचा असतो, म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंत ५. मधोमध निघालेली गोळी नुसत्या कलण्यानं दहाच्या बाहेर गेली.

रिंगांचे स्क्रू एकदम आवळू नका. आलटून-पालटून, थोडे-थोडे. रिंगांच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पाउंड पुरतात, तरी तुमच्या रिंगांबरोबर आलेल्या कागदावरचा आकडा अंतिम समजा. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ या हिशेबानं आवळलं तर नळी चेपते आणि आतली यंत्रणा अडते. सैल राहिलं तर प्रत्येक गोळीला स्कोप केसभर सरकतो.

४. आधी डोळा, मग टार्गेट

डोळ्याकडची रिंग ही टार्गेट स्पष्ट करण्यासाठी नसते. ती रेटिकल स्पष्ट करण्यासाठी असते. पांढऱ्या भिंतीकडं किंवा आकाशाकडं, सूर्यापासून दूर, एक-दोन सेकंद बघा. रेटिकल पहिल्याच नजरेत काळं कुळकुळीत दिसलं पाहिजे. जास्त वेळ बघत राहिलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि चुकीची जागा बरोबर वाटते.

मग पॅरॅलॅक्स. रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा, हात लावू नका आणि डोकं वर-खाली, डावी-उजवीकडं किंचित हलवा. रेटिकल टार्गेटवरून सरकल्यासारखं दिसलं तर तो पॅरॅलॅक्स; बाजूची किंवा पुढची फोकस रिंग फिरवत राहा, सरकणं थांबेपर्यंत. त्या रिंगेवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा. ज्या स्कोपला अशी रिंग नाही त्याचं पॅरॅलॅक्स कारखान्यातच एका अंतरावर बांधलेलं असतं, .२२ च्या स्कोपमध्ये साधारण ५० यार्ड आणि मोठ्या रायफलच्या स्कोपमध्ये १०० यार्ड. तसा स्कोप असेल तर दर वेळी गाल एकाच जागी टेकवणं हाच उपाय.

५. गोळी न मारता जवळ पोचणं

बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असेल तर बोअर साइटिंग, म्हणजे नळीतून बघून स्कोप जुळवणं, अगदी सोपं आहे. बोल्ट काढा, रायफल पिशव्यांत घट्ट बसवा आणि मागून नळीतून २५ मीटरवरचं टार्गेट बघा. काळा गोल नळीच्या वर्तुळात मधोमध आणा. आता रायफल अजिबात न हलवता स्कोपचे टरेट फिरवून रेटिकल त्याच गोलावर आणा. पुन्हा नळीतून बघा, पुन्हा स्कोपमधून. दोन्हीकडं सारखं दिसलं की पहिली गोळी कागदावर पडणार, एवढी खात्री झाली.

इथं एक गोंधळ ठरलेला. टरेटवर ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ असे बाण असतात, ते गोळी कुठं सरकेल ते सांगतात. स्कोपमधून बघताना मात्र रेटिकल उलट्या दिशेला सरकताना दिसतं. बोअर साइटिंग करताना रेटिकलकडं बघून फिरवा, गोळ्या मारायला लागल्यावर बाणाकडं बघून.

लेझरचं बोअर साइट वापरत असाल तर ते नळीतून किंवा चेंबरमधून काढल्याशिवाय काडतूस जवळ आणायचं नाही. आणि .२२ रिमफायर रायफल कोरडी, म्हणजे काडतूस न घालता, फायर करत बसू नका, कंपनीनं चालतं म्हटलं असेल तरच. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटते आणि ती कड दबते.

६. २५ मीटर: फक्त कागदावर येण्यासाठी

तीन गोळ्या मारा, तिन्ही एकाच बिंदूवर नेम धरून. कागदावर कुठं पडल्या बघा, ढोबळ दुरुस्ती करा, पुढं चला. इथं वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मात्र २५ मीटरवर गोळी अगदी केंद्रात आणून ‘झालं झिरो’ म्हणू नका. १०० मीटरला झिरो असलेली .३०-०६ ची गोळी २५ मीटरवर नेमाच्या साधारण २ सेंटीमीटर खाली पडते. ती तुम्ही केंद्रात आणली तर १०० मीटरवर सात-आठ सेंटीमीटर वर जाईल. .२२ चं उलट आहे: ५० मीटरला झिरो असेल तर २५ मीटरवर ती साधारण १ सेंटीमीटर वर लागते. तेवढं ठेवून पुढच्या अंतरावर जा.

७. ग्रुप: सगळं इथंच ठरतं

आता .२२ असेल तर ५० मीटर, मोठी रायफल असेल तर १०० मीटर. कोल्हापुरात सकाळची वेळ धरा, ऊन चढायच्या आत. मार्च-एप्रिलनंतर दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा लाटांसारखी वर येते आणि टार्गेट पाण्यातलं असल्यागत हलतं. नेम धरलेला बिंदू मुळात तिथं नसतोच. जूनपासून घाटाकडून पश्चिमेचा वारा सुरू होतो. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .२२ च्या गोळीला ५० मीटरवर दोन-अडीच सेंटीमीटर आणि १०० मीटरवर १० सेंटीमीटरच्या आसपास ढकलतो. ५० मीटर रायफल टार्गेटचा दहाचा गोल १०.४ मिलिमीटर व्यासाचा आहे, त्यावरून समजून घ्या. वाऱ्यात केलेला झिरो म्हणजे त्या दिवशीचा वारा टरेटमध्ये कायमचा बसवणं. वारा असेल तर उंचीची दुरुस्ती करा, आडवी दुरुस्ती शांत सकाळी.

बसण्याची पद्धत: पुढची पिशवी फोरएंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली), नळीखाली कधीच नाही. मागची पिशवी स्टॉकच्या टोकाखाली, डाव्या हातानं ती दाबून-सोडून उंची जुळवायची. रायफल स्वतःहून टार्गेटवर बसली पाहिजे. खांद्यानं ढकलून, हातानं ओढून रेटिकल गोलावर धरावं लागत असेल तर पिशव्या हलवा. श्वास सोडा, थांबा, ट्रिगर सरळ मागं दाबा आणि गोळी सुटल्यावर लगेच डोकं उचलू नका. गोळी कुठं पडली ते बघायची घाई हा नव्या माणसाच्या विखुरलेल्या ग्रुपचा सगळ्यात मोठा गुन्हेगार आहे.

पाच गोळ्या. पाचही एकाच बिंदूवर नेम धरून. पहिली डावीकडं पडली म्हणून दुसरीला थोडं उजवीकडं धरायचं नाही. मध्येच टरेटला हात लावायचा नाही.

का, ते सांगतो. कुठलीही रायफल, कुठलाही नेमबाज, गोळ्या एकाच भोकात पडत नाहीत, त्या एका पसाऱ्यात पडतात. एक गोळी त्या पसाऱ्यातली कुठलीही जागा घेऊ शकते. तिच्यावरून क्लिक फिरवलं तर तुम्ही झिरोपासून दूरही जाल, आणि पुढच्या गोळीवरून पुन्हा उलटं फिरवाल. हा पाठलाग संपत नाही. पाच गोळ्यांचं केंद्र बऱ्यापैकी खरं सांगतं, दहा गोळ्यांचं त्याहून पक्कं. तीन गोळ्यांवर शेवटचा निर्णय कधीच घेऊ नका.

ग्रुपच पडत नसेल, म्हणजे भोकं कागदभर विखुरली असतील, तर क्लिक फिरवून काहीही साध्य होणार नाही. आधी रिंगांचे स्क्रू, बेसचे स्क्रू, स्टॉकचे स्क्रू तपासा. मग पॅरॅलॅक्स. मग रेंजवरच्या जाणत्या नेमबाजाला विनंती करून त्याच रायफलनं, त्याच काडतुसांनी पाच गोळ्या मारायला सांगा. त्याचा ग्रुप जमला तर काम तुमच्या बसण्यावर आणि ट्रिगरवर आहे, नाही जमला तर रायफल, स्कोप किंवा काडतुसांवर. या एका तपासणीनं लोकांचे नव्या स्कोपचे हजारो रुपये वाचलेले मी पाहिलेत.

.२२ साफ करून आणली असेल तर आधी काही गोळ्या नुसत्या जाऊ द्या. तिच्या गोळीवरचं मेण-ग्रीस नळीत बसेपर्यंत ग्रुप स्थिरावत नाही. मोठ्या रायफलची गोष्ट वेगळी: पाच गोळ्यांत नळी तापते, तापलेल्या नळीवरून उठणारी हवा स्कोपसमोर नाचते आणि काही नळ्या गरम झाल्या की गोळी सरकवतात. बोल्ट उघडा ठेवून नळी हाताला नुसती कोमट लागेपर्यंत थांबा. तेवढ्यात कागद बदला, वहीत लिहा.

८. क्लिकचा हिशेब

बाजारातले स्कोप दोन मापांत येतात, एमओए आणि मिल; दोन्ही कोनाची मापं. टरेटवर पाव एमओए लिहिलं असेल तर एका क्लिकला गोळी २५ मीटरवर १.८ मिलिमीटर, ५० मीटरवर ३.६, १०० मीटरवर ७.३ मिलिमीटर आणि ३०० मीटरवर २.२ सेंटीमीटर सरकते. ०.१ मिल लिहिलं असेल तर अनुक्रमे २.५ मिलिमीटर, ५ मिलिमीटर, १ सेंटीमीटर आणि ३ सेंटीमीटर. ‘एक एमओए म्हणजे १०० ला एक इंच’ हे वाक्य यार्डांसाठी आहे. आपली रेंज मीटरमध्ये आहेत, १०० मीटरला एक एमओए २.९ सेंटीमीटर भरतो.

आता कागद काढून टेबलावर घ्या. नेमाच्या बिंदूतून एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. समजा १०० मीटरवर पाच भोकं अशी आहेत: उजवीकडं २.२, ३.१, २.६, ३.९ आणि २.७ सेंटीमीटर, खाली ३.८, ४.९, ४.१, ४.६ आणि ४.६ सेंटीमीटर. उजवीकडची बेरीज १४.५, भागिले पाच, २.९. खालची बेरीज २२, भागिले पाच, ४.४. म्हणजे ग्रुपचं केंद्र २.९ उजवीकडं आणि ४.४ खाली.

पाव एमओएचा स्कोप असेल तर ४.४ भागिले ०.७३, सहा क्लिक वर. २.९ भागिले ०.७३, चार क्लिक डावीकडं. ०.१ मिलचा असेल तर चार वर, तीन डावीकडं. क्लिक मोजताना तोंडानं मोजा आणि फिरवण्याआधी आकडा वहीत लिहा.

उजवीकडं ३.९ सेंटीमीटरला गेलेली ती एक गोळी ‘चुकून गेली’ म्हणून हिशेबातून काढायचा मोह होतो. ट्रिगर सुटतानाच, टार्गेट बघण्याआधी, ‘ही गेली’ असं तुम्ही म्हणाला असाल तरच ती काढा. भोक बघितल्यावर काढलेली गोळी म्हणजे स्वतःची फसवणूक.

नवा कागद लावा, पुन्हा पाच. केंद्र एका क्लिकच्या आत आलं की थांबा. मग थोडी विश्रांती घेऊन दहा गोळ्यांचा एक ग्रुप मारा आणि तो कागद तारीख घालून जपून ठेवा.

९. टरेट शून्यावर, आणि स्कोप खरं बोलतो का ते बघणं

झिरो पक्का झाला की टरेटच्या टोपीचे छोटे स्क्रू सैल करा, टोपी न वाजवता फिरवून शून्य रेघेवर आणा, पुन्हा आवळा. यात क्लिक वाजला तर झिरो हलला, परत मोजा.

ज्यांना ३०० मीटरवर जायचंय त्यांनी पुढची तपासणी टाळू नये. १०० मीटरवर उंच कागद लावा, ओळंब्यानं त्यावर उभी रेघ मारा आणि खालच्या बिंदूवर पाच गोळ्या मारा. आता ३ मिल वर फिरवा, एमओएचा स्कोप असेल तर १० एमओए. नेम त्याच खालच्या बिंदूवर ठेवून पाच गोळ्या. दोन ग्रुपांच्या केंद्रांत मिलच्या स्कोपला ३० सेंटीमीटर, एमओएच्या स्कोपला २९.१ सेंटीमीटर अंतर यायला हवं. कमी-जास्त आलं तर तुमचा क्लिक छापल्यापेक्षा लहान-मोठा आहे, तो फरक वहीत लिहा आणि पुढं तसाच धरा. वरचा ग्रुप उभ्या रेघेवरून बाजूला सरकला असेल तर रेटिकल कललेलं आहे, तिसऱ्या पायरीवर परत जा. शेवटी शून्यावर आणून पुन्हा पाच मारा. ग्रुप जुन्या जागी परत आला नाही तर तो स्कोप लांबच्या अंतरासाठी वापरू नका.

१०. लांब अंतरावर

.२२ ला ५० मीटरचा झिरो असेल तर १०० मीटरवर ती २० ते २३ सेंटीमीटर खाली पडते, म्हणजे दोन मिलपेक्षा थोडं जास्त वर फिरवायचं. .३०-०६ ला १०० मीटरचा झिरो असेल तर ३०० मीटरवर ४० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे ०.१ मिलचे साधारण चौदा-पंधरा क्लिक. मोबाइलवरची अ‍ॅप चांगली आहेत, पण त्यांत समुद्रसपाटीची हवा धरलेली असू शकते. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, उंची आणि तापमान भरा. अ‍ॅपनं दिलेला आकडा ही सुरुवात समजा. त्या अंतरावर पाच गोळ्यांचा ग्रुप मारून खरा आकडा काढा, आणि तो दुरुस्त करून वहीत घाला. जितकी अंतरं, तितके ग्रुप.

११. वही, पाऊस आणि दसरा

प्रत्येक ग्रुपमागं लिहा: तारीख, वेळ, अंतर, काडतूस आणि लॉट नंबर, वारा कुठून आणि किती, ऊन की ढग, नळी साफ की वापरलेली, पहिल्या गोळीची जागा, फिरवलेले क्लिक. थंड नळीतून पहिली गोळी कुठं जाते हे वेगळं लिहा, स्पर्धेत तीच सगळ्यात आधी लागते.

आपल्याकडं पावसाळ्यात रायफलची खरी परीक्षा असते. फोमच्या केसमध्ये महिनोन्‌महिने बंद ठेवलेली रायफल गंजते आणि स्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते. रेंजवरून आल्यावर पुसून, उघड्यावर वाळवून, मग सिलिका जेलच्या पिशव्यांसह कुलूपबंद कपाटात ठेवा. लाकडी स्टॉक दमट हवेत फुगतो आणि नळीवर दाब बदलतो. जूनआधीचा झिरो सप्टेंबरात तसाच असेल असं धरू नका.

आणि खंडेनवमीला शस्त्रपूजा आपल्या घराघरांत होते, व्हायलाच हवी. पूजेआधी बोल्ट काढा, चेंबर रिकामं आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा, काडतुसं त्या खोलीत नकोत. हळद-कुंकू स्टॉकवर लावा. भिंगाला, टरेटला आणि नळीच्या तोंडाला नको. कुंकवाची बारीक पूड टरेटच्या फटीत गेली की क्लिक जड होतात, आणि भिंग बोटानं पुसलं की त्यावरचा लेप चरे धरतो. झाकणं लावूनच पूजेला ठेवा.

पुन्हा झिरो तपासायचा तो या वेळी: स्कोप काढून लावला, रायफल पडली किंवा आपटली, लॉट बदलला, स्टॉकचे स्क्रू सोडले, लांबचा प्रवास झाला, पावसाळा संपला. तपासणी म्हणजे पाच गोळ्यांचा एक ग्रुप, आणि जुन्या दहाच्या ग्रुपचा कागद शेजारी ठेवून तुलना. केंद्र जागेवर असेल तर टरेटला हात न लावता सरावाला लागा. सरकलं असेल तर लगेच फिरवू नका, आणखी पाच मारा. दोन्ही ग्रुप एकाच बाजूला गेले असतील तरच आठव्या पायरीचा हिशेब काढा.